पोटात वाय-ग्राफ्ट असताना किडनी ट्रान्सप्लांट: सर्व्हिसचा रिव्ह्यू, ५ पैकी ४ स्टार

सरळ सांगतो, ऑपरेशनच्या तयारीला पाचपैकी पाच, ऑपरेशनला पाचपैकी पाच, आणि घरी सोडल्यानंतरच्या फॉलोअपला जेमतेम अडीच. सरासरी चारच्या आसपास येते म्हणून चार स्टार. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, जे बोलायचं होतं ते तिथल्या लोकांशी तोंडावर बोलून झालंय. साध्या किडनी ट्रान्सप्लांटचे अनुभव ढिगाने वाचायला मिळतात पण ज्याच्या पोटात आधीच कृत्रिम रक्तवाहिनी (वाय-ग्राफ्ट) घातलेली आहे आणि वरून किडनी गेली आहे अशा पेशंटचं काय होतं हे आम्ही शोधत होतो तेव्हा नीट सांगणारं कुणी सापडलं नाही, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

पेशंट म्हणजे माझा मोठा भाऊ. दादाला किडनीच्या आधी पायाचा त्रास सुरू झाला होता, थोडं चाललं की कुल्हे आणि पोटऱ्या भरून यायच्या, थांबलं की बरं, परत चाललं की परत तेच. तपासणीत निघालं की पोटातली महाधमनी जिथे दोन पायांसाठी दुभंगते तिथून खाली दोन्ही बाजू जवळजवळ बंद झाल्यात. मग बायपास झाली. वाय आकाराची नळी, वरचं टोक किडन्यांच्या खाली महाधमनीला शिवलेलं आणि खालची दोन टोकं दोन्ही जांघांत. पाय एकदम सुटले, माणूस जिने चढायला लागला. पुढे काही वर्षांनी किडन्यांनी मान टाकली, शुगर आणि बीपी दोन्ही जुनी दुखणी, त्यात सिगारेटची वर्षं, आणि आठवड्यातून तीन वेळा चार-चार तास डायलिसिस मागे लागलं. वहिनी डोनर म्हणून उभी राहिली, रक्तगट जुळला, क्रॉसमॅच निगेटिव्ह आला (म्हणजे दादाच्या रक्तात वहिनीच्या पेशींविरुद्ध काही निघालं नाही), सगळं जमलं आणि गाडं अडलं ते त्या नळीवर.

आधी ज्या सेंटरला गेलो तिथे फाईल उघडली, एओर्टोबायफिमोरल (म्हणजे हीच बायपास) हा शब्द वाचला आणि फाईल मिटली. सीटी नाही, पायाच्या नाड्या बघणं नाही, "यांना डायलिसिसच चालू ठेवा" एवढंच. वहिनी बाहेर येऊन म्हणाली, निदान पोटाला हात तरी लावायचा. तिचं म्हणणं मला आजही पटतं. नाही म्हणायचं तर म्हणा, पण बघून म्हणा.

आता ते का घाबरतात ते सांगतो, कारण भीती अगदीच खोटी नाहीये. पेशंटच्या मूळ किडन्या बहुतेक वेळा जागेवरच राहतात, नवीन किडनी खाली कुशीत, आतड्यांच्या पडद्याच्या बाहेरच्या जागेत ठेवतात, तिची धमनी तिथल्या, पायाकडे जाणाऱ्या इलियाक धमनीला शिवायची, शीर इलियाक शिरेला आणि मूत्रनलिका मूत्राशयाला. दादाच्या बाबतीत ती इलियाक धमनीच बंद, रक्त जातंय ते शेजारून गेलेल्या नळीतून, म्हणजे किडनीची धमनी शिवायची तर थेट कापडाच्या नळीला शिवायची. बरं, तिथे आधी एक मोठं ऑपरेशन झालेलं असल्याने सगळं एकमेकांना चिकटून घट्ट झालेलं असतं, शीर नळीला चिकटलेली असू शकते, मूत्रनलिका नळीवरूनच गेलेली असते. शिवताना नळीला क्लॅम्प लावायचा म्हणजे तेवढा वेळ त्या बाजूच्या पायाचं रक्त थांबणार. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे इन्फेक्शन. शरीरात परकी वस्तू आहे आणि ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती आपणच औषधं देऊन खाली आणणार, त्यात नळीला जंतू लागले तर अँटिबायोटिक्सवर भागत नाही, बऱ्याचदा नळी काढावी लागते आणि मग किडनी, पाय आणि जीव तिन्ही पणाला लागतं. हे सगळं खरं. पण धोका आहे आणि होऊच शकत नाही यात फरक आहे ना, जगभर अशा पेशंटांची ट्रान्सप्लांट गेली कित्येक वर्षं होतायत, निवडून आणि तयारी करून.

ज्या टीमचा हा रिव्ह्यू आहे त्यांचा पहिला प्रश्नच वेगळा होता. नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीच्या डॉक्टर) मॅडमनी विचारलं, बायपासच्या वेळच्या ऑपरेशन नोट्स कुठे आहेत. आमच्याकडे डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर दोन ओळी. त्या म्हणाल्या हे नाही, सर्जनने लिहिलेली पूर्ण नोट हवी, नळी कुठल्या कापडाची, किती मापाची, महाधमनीला टोकाला टोक जोडलंय की बाजूला जोडलंय, जांघेत नेमकी कुठल्या धमनीला जोडलीय, मूत्रनलिका नळीच्या पुढे ठेवलीय ना, हे सगळं त्यात असतं. जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये ती मिळवताना नाकी नऊ आले, पण मिळाली, आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीचा पुढे उपयोग झाला. नळी १६ बाय ८ ची निघाली, म्हणजे वरचं खोड १६ मिलिमीटर आणि फाटे ८ मिलिमीटरचे. तुमच्या घरी कुणाची अशी बायपास झाली असेल तर ती नोट आजच मागून घ्या, किडनी चांगली असली तरी.

मग सीटी. आधी डायशिवाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) साधा सीटी, त्यात फक्त रक्तवाहिन्यांमधलं कॅल्शियम किती आणि कुठे ते बघतात, डायलिसिसच्या पेशंटांमध्ये हे जाम साचलेलं असतं. नंतर सीटी अँजिओ. आणि इथे मला खरंच नवीन काहीतरी कळलं. व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन सरांनी स्क्रीनवर दादाच्या मूळ धमन्या दाखवल्या, पांढऱ्याफट्ट, आणि म्हणाले की ही धमनी अंड्याच्या टरफलासारखी झालीय, हिला चिमटा लावला तर फुटेल, सुई घातली तर तुकडा निघेल. त्यापेक्षा ती नळी बरी, मऊ आहे, क्लॅम्प नीट बसतो, टाका धरतो. म्हणजे ज्या गोष्टीमुळे आधीच्या ठिकाणी नकार मिळाला तीच इथे सोय ठरत होती. मूळ धमन्या इतक्या खराब असलेल्या काही पेशंटांना तर आधी अशी नळी घालून, जखमा भरू देऊन, मग काही महिन्यांनी तिच्यावर किडनी बसवतात, आणि क्वचित दोन्ही एकाच वेळी करतात.

सरांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नळीचा नमुना होता. त्यांनी दादाच्या हातात दिला. पांढरी, अंगाला बारीक बारीक चुण्या, वाकवली तरी मध्ये चपटी होत नाही, त्यासाठीच त्या चुण्या असतात. दादा ती बराच वेळ उलटसुलट करून बघत बसला, आपल्या पोटात इतकी वर्षं काय आहे ते त्याने पहिल्यांदाच पाहिलं. ही नळी डेक्रॉनची, डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर हो, शर्टाचं कापड असतं तेच. १९५० च्या दशकात अमेरिकेत मायकेल डिबेकी या सर्जनने दुकानातून डेक्रॉनचं कापड आणून बायकोच्या शिलाई मशीनवर अशा नळ्या शिवल्या होत्या, आणि त्याच दशकात, डिसेंबर १९५४ मध्ये, बोस्टनला जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये किडनीचं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं. दोन्ही तंत्रं एका वयाची. सरांनी हे सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "मग माझ्यात दोघांची गाठ पडणार म्हणायची." सर हसले. ओपीडीत इतका वेळ देणारा सर्जन मी तरी आधी पाहिला नव्हता.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे ट्रान्सप्लांट सर्जन आणि व्हॅस्क्युलर सर्जन दोघं एकाच खोलीत बसून आमच्याशी बोलले. याला कुणी फार महत्त्व देत नाही पण माझ्या मते पूर्ण सर्व्हिसमधली ही एक गोष्ट नसती तर बाकी सगळं फुकट गेलं असतं. कागदाच्या मागे चित्र काढून प्लॅन अ, ब, क सांगितला. अ म्हणजे उजव्या फाट्यावर शिवायचं. तिथे शीर मोकळी झाली नाही तर डावीकडे. आणि दोन्ही खालच्या जागा बाद झाल्या तर वर, मूळ डाव्या किडनीच्या जागी, प्लीहेच्या धमनीवर, पण तिथवर जायची वेळ येऊ नये असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काय होऊ शकतं हेही लपवलं नाही, रक्तस्राव, नळीत गुठळी, पाय थंड पडणं, इन्फेक्शन, सगळं. वहिनीला वेगळं बसवून तिच्याशी वेगळं बोलले, तिच्यावर घरातून दबाव नाही ना हे विचारलं, हे फार बरं केलं.

इन्फेक्शनची तयारी बघून मी थक्क झालो. दातांच्या डॉक्टरकडे आधी पाठवलं, दोन दाढा काढायला लावल्या, तोंडातल्या किडीतून जंतू रक्तात जातात आणि नळीला जाऊन चिकटू शकतात म्हणून. पायाच्या बोटांमधल्या भेगा, नखं, जांघेतल्या जुन्या व्रणांवरची कातडी, सगळं तपासलं. लघवीचं कल्चर. डायलिसिससाठी गळ्याजवळ जो कॅथेटर होता तो फिस्टुला (हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली डायलिसिसची जागा) चालू झाल्या झाल्या काढून टाकला कारण तो म्हणजे जंतूंना आयता दरवाजा. नळीत आधीपासूनच काही दबा धरून बसलंय का यासाठी सीटीवर नळीभोवती पाणी किंवा हवा दिसते का ते मुद्दाम बघितलं, ती अगदी स्वच्छ होती, आणि संशय असता तर पेट (PET) सीटी, म्हणजे इन्फेक्शनची जागा उजळून दाखवणारा स्कॅन, केला असता म्हणाले.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा घोळ सगळीकडे असतो. दादाला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू होत्या. क्लोपिडोग्रेल ऑपरेशनच्या ५ ते ७ दिवस आधी थांबवायची, ॲस्पिरिन चालू ठेवायची, हे कागदावर लिहून दिलं. डोनर जिवंत असला की तारीख ठरलेली असते म्हणून हे जमतं. ब्रेनडेड डोनरच्या लिस्टवर असलात तर फोन रात्री-बेरात्री येणार, तेव्हा कुठली गोळी चालू आहे यावर सगळं ठरतं, तर ते आधी विचारून ठेवा.

ऑपरेशनबद्दल जे कळलं ते सरांनी नंतर सांगितलेलं. वहिनीची डावी किडनी दुर्बिणीतून काढली, डावीची शीर लांब असते म्हणून शक्यतो ती घेतात. दादाच्या बाजूला अर्धा वेळ नुसता चिकटलेलं सोडवण्यात गेला, व्हॅस्क्युलर सर तेवढ्यासाठीच आत होते. शीर मोकळी झाली. मग रक्त गोठू नये म्हणून हेपरिन देऊन फाट्यावर वर-खाली क्लॅम्प, आणि कापडाला कात्रीने चीर न देता पंच नावाच्या हत्याराने गोल भोक पाडलं, गोल भोक उघडं राहतं, चिरेचे ओठ मिटू शकतात. त्या भोकावर किडनीची धमनी बारीक पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याने शिवली. कापडाला आणि खऱ्या धमनीला एकत्र शिवताना सुईच्या भोकांतून थोडं झिरपतं, त्यावर दाबून धरून थांबावं लागतं, घाई करून चालत नाही. क्लॅम्प सोडला, किडनी गुलाबी झाली आणि टेबलावरच लघवी सुटली. मधेच एकदा ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर ताई बाहेर येऊन "नळीवर जोडून झालंय, पाय गरम आहे" एवढं सांगून गेल्या. त्या एका वाक्याने आमचा जीव भांड्यात पडला. बाकीच्या हॉस्पिटलांनी हे शिकण्यासारखं आहे, आत काय चाललंय याचा ताकास तूर लागू न देता नातेवाईकांना तासन्‌तास ताटकळत ठेवतात.

आयसीयूतली एक गोष्ट सांगतोच. दादाच्या दोन्ही पावलांवर निळ्या मार्करने फुल्या मारलेल्या होत्या, एक पावलाच्या वर आणि एक घोट्याच्या आतल्या बाजूला मागे. सिस्टर दर तासाला यायच्या, हातातला छोटा डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) त्या फुलीवर टेकवायच्या, खोलीत सूं-सूं सूं-सूं असा आवाज यायचा, मग लघवीची पिशवी बघून मिलिलिटर लिहायच्या, मग "काका, अंगठा हलवा बघू." किडनीचा तक्ता एका बाजूला आणि पायाचा तक्ता दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकाच क्लिपबोर्डवर. बीपी जास्त खाली जाऊ द्यायचं नाही हेही वर लाल शाईने लिहिलेलं, कारण प्रेशर पडलं तर नवीन किडनीलाही मार आणि नळीत रक्त संथ होऊन गुठळी व्हायची भीती. त्या सिस्टरना वेगळे पाच स्टार. हा क्लिपबोर्ड लक्षात ठेवा, पुढे जे बिनसलं ते यातली अर्धी बाजू गायब झाल्यामुळे बिनसलं.

वॉर्डमध्ये विशेष काही नाही, स्वच्छ होतं, भेटायला येणाऱ्यांवर कडक नियम होते आणि असायलाच हवेत. दुसऱ्या दिवशी डॉपलर झाला, लघवीची नळी निघाली, ड्रेन (आत साठलेलं पाणी बाहेर काढणारी नळी) जरा जास्त दिवस ठेवला कारण जुन्या ऑपरेशनच्या जागी लिम्फ साठून राहायचा धोका असतो. बिलिंग काउंटर मात्र सगळीकडे असतं तसंच, एका सहीसाठी तीन खिडक्या.

आता अडीच स्टारची गोष्ट.

डिस्चार्ज कार्ड सुंदर छापलेलं. प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस किती, मायकोफेनोलेट किती, स्टेरॉइड कसं कमी करायचं, को-ट्रायमोक्झाझोल कशासाठी, टॅक लेव्हलला (रक्तातलं टॅक्रोलिमस मोजायला) जाताना सकाळचा डोस घ्यायचा नाही, रक्त दिल्यावर घ्यायचा, सगळं व्यवस्थित. पण पहिल्या पानावर "लाइव्ह रिलेटेड रीनल ट्रान्सप्लांट, उजवी बाजू" (म्हणजे जिवंत नातेवाईकाची किडनी) एवढंच, किडनी कृत्रिम नळीवर बसवलीय हे कुठेही नाही. ते आतल्या ऑपरेशन नोटमध्ये होतं, जी फॉलोअप ओपीडीत कुणी उघडत नाही. तिथे दर वेळी नवीन रेसिडेंट डॉक्टर, पोरं हुशार आणि वागायलाही चांगली, पण समोर कार्ड जे सांगतं तेच बघणार. क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते), टॅक लेव्हल, शुगर, पुढचा पेशंट.

काही महिने उत्तम गेले, क्रिएटिनिन १.३ वर स्थिर झालं होतं. मग बीपी वाढायला लागलं. त्याच सुमाराला दादा म्हणायला लागला की उजवी पोटरी परत भरून येतेय, चालताना. ओपीडीत सांगितलं तर उत्तर मिळालं की स्टेरॉइडने स्नायू कमजोर होतात, इतके महिने डायलिसिसवर होतात, हळूहळू व्यायाम वाढवा. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू केली आणि पुढच्या रक्तात क्रिएटिनिन २ च्या वर. टॅक लेव्हल बरोबर होती. झालं, रिजेक्शनची, म्हणजे शरीर नवीन किडनी नाकारतंय अशी शंका, मग बायोप्सी, किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी. बायोप्सीत रिजेक्शन नाही. सगळे गोंधळात आणि आम्ही पण.

शेवटी वहिनीच म्हणाली की ज्यांनी नळी बघितली त्यांना दाखवा. रेफरन्सची वाट न बघता व्हॅस्क्युलर सरांच्या ओपीडीत नंबर लावला. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले, दादाला आडवं केलं आणि दोन्ही जांघांत एकदम दोन बोटं ठेवली. डावीकडे नाडी ठणठणीत, उजवीकडे बारीक. मग डॉपलर पुन्हा, यावेळी तो करणाऱ्यांना काय बघायचं ते सांगून. किडनीच्या धमनीचा जोड ठीक होता, पण किडनीच्या आतल्या रक्ताची लाट आळशी, चढायला वेळ घेणारी, म्हणजे अडथळा त्याच्याही वर कुठेतरी. आणि तो होता नळीच्या उजव्या फाट्याच्या सुरुवातीला, तिथे ती अरुंद झाली होती. एकाच फाट्यावर खाली पाय आणि मध्ये किडनी दोघं जेवतायत आणि वरूनच पुरवठा कमी, म्हणून पोटरीही दुखणार आणि किडनीही उपाशी राहणार. किडनीला रक्त कमी पोचलं की ती बीपी वाढवून रक्त ओढायला बघते, त्यावर टेल्मिसार्टनसारखी गोळी दिली की किडनीच्या आतलं गाळायचं प्रेशरच कोसळतं आणि क्रिएटिनिन उडी मारतं. म्हणजे ती उडी हीच खूण होती, आणि पोटरी तर त्याच्याही आधीपासून ओरडून सांगत होती.

ज्या हाताला फिस्टुला नाही त्या हातातून तार घालून, डाय कमीत कमी वापरून, त्या जागी फुगा आणि स्टेंट टाकला. पोटरीचं दुखणं गेलं, बीपीची एक गोळी कमी झाली, क्रिएटिनिन १.४ पर्यंत उतरलं आणि तिथेच आहे. म्हणजे उपाय साधा होता, वेळ गेला तो फक्त कुणाला आठवण नसल्यामुळे. किडनी बघणारे चार डिपार्टमेंट आणि नळी बघणारं कुणी नाही, ही या सर्व्हिसमधली खरी खोट. ऑपरेशनच्या दिवशी जे दोघं एका खोलीत होते ते डिस्चार्जच्या दिवशी वेगळे झाले आणि पेशंट एकाच्याच वाट्याला आला.

तक्रार केली तेव्हा, मान्य करायला हवं, कुणी कानावर हात ठेवले नाहीत. नेफ्रॉलॉजिस्ट मॅडमनी ऐकून घेतलं, कार्डच्या पहिल्या पानावर नळीची ओळ चढली, आणि आता ठरावीक अंतराने दादाचा नळीचा आणि किडनीचा डॉपलर एकत्र होतो, रिपोर्ट दोघांकडे जातो. अडीचचे तीन करावेत का असा विचार आला होता, पण केले नाहीत, कारण हे दादापुरतं झालंय की सगळ्या पेशंटांसाठी ते कळायला मार्ग नाही.

अजून एक राहिलं. इन्फेक्शनबद्दल ऑपरेशनआधी इतकं बारकाईने बघणाऱ्या टीमने घरी जाताना काय लक्षात ठेवायचं ते फार त्रोटक सांगितलं, ते मी व्हॅस्क्युलर सरांकडून नंतर नीट विचारून घेतलं. नळीचं इन्फेक्शन ऑपरेशननंतर वर्षांनीसुद्धा येऊ शकतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या या औषधांवर असलेल्या माणसाला ताप येईलच असं नाही, नुसती कणकण, वजन उतरणं, जांघेत गाठ किंवा व्रणातून पाणी येणं एवढंच दिसेल. आणि काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर ॲसिडिटी किंवा स्टेरॉइडचा अल्सर समजून घरी थांबायचं नाही, कारण पोटातली नळी आतड्याला घासून त्यात भोक पडू शकतं, आधी थोडं रक्त जातं, थांबतं, आणि मग एकदम मोठा रक्तस्राव होतो. तिथे इमर्जन्सीत पहिलं वाक्य हेच बोलायचं की पोटात कृत्रिम नळी आहे. आम्ही ते दादाच्या मोबाईलच्या लॉकस्क्रीनवर टाकलंय.

ज्यांच्या हातात डायलिसिससाठी घातलेली कृत्रिम नळी आहे, पीटीएफई नावाच्या प्लास्टिकची, त्यांचं प्रकरण यापेक्षा बरंच सोपं, किडनी बसवायच्या जागेशी तिचा संबंध नाही. पण ट्रान्सप्लांटनंतर ती बंद पडून तशीच हातात राहिली असेल आणि मधूनमधून ताप येत असेल तर त्या जुन्या बंद नळीवरही संशय घ्यायला सांगा, तिच्यात जंतू गुपचूप बसू शकतात. आणि ज्यांच्या महाधमनीत जांघेतून घातलेला जाळीचा स्टेंट-ग्राफ्ट आहे त्यांनी तो खाली कुठपर्यंत पोचलाय ते सीटीवर बघून घ्या, कारण जाळी असलेल्या भागावर क्लॅम्पही लावता येत नाही आणि शिवताही येत नाही, तिच्या खाली चांगली धमनी उरलीय का यावर सगळं अवलंबून.

ब्रेनडेड डोनरच्या लिस्टवर असाल तर सेंटर निवडताना एकच प्रश्न विचारा, रात्री दोनला किडनी आली तर व्हॅस्क्युलर सर्जन येणार का. "बघू", "शक्यतो" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. अशा डोनरकडून किडनीच्या धमनीबरोबर त्याच्या महाधमनीचा तुकडा मिळतो, तो शिवायला सोयीचा पडतो आणि वाहिन्याही लांब मिळतात, पण प्लॅन अ-ब-क काढत बसायला वेळ नसतो, ते सगळं आधीच फाईलला लावलेलं हवं.

कोऑर्डिनेटर ताईंचा फोन कायम लागतो, उचलतात, नसेल माहीत तर विचारून परत करतात, त्यांच्यासाठी अर्धा स्टार वर ठेवलाय असं समजा. फक्त डीजे स्टेंट काढायची तारीख स्वतः लिहून ठेवा, ती प्लास्टिकची नळी मूत्रनलिकेत काही आठवड्यांपुरतीच ठेवतात आणि ओपीडीच्या गर्दीत तिची आठवण करून द्यावी लागते, आम्हाला लागली.